माझे नाव कोणत्या पानावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला माझे काम दरवर्षी ठरलेले असते. मागच्या पडवीत चहाच्या पातेल्यापाशी उभे राहायचे आणि भाषणे संपत आली की कप भरायला घ्यायचे. त्यामुळे आजवर मी प्रत्येक भाषणाचे शेवटचे चार शब्द तेवढे ऐकले आहेत. या वर्षी चिटणीसबाईंनी माझ्या हातातली गाळणी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही दासबोध वाचून पुरा केलात ना? मग आज तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवी." तर म्हणाल्या, "म्हणूनच बोला." तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आधीच सांगते, दासबोधाचे निरूपण करण्याचा माझा अधिकार नाही. आणि तो आव रेवदंड्यात आणणे म्हणजे कोळणीला मासळी ओळखायला शिकवण्यासारखे आहे. आपल्या गावच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ साली मुंबईस गोरेगावात बैठक सुरू केली आणि हा ग्रंथ घरोघर नेला. आपल्याकडे ज्या घरात दासबोधाचे नाव कानावर पडले नाही असे घर क्वचितच असेल. माझ्याही पडले होते. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. परंतु ऐकताना मन अर्धे शेगडीवरच्या भातात असते. स्वतः बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचायला बसले तेव्हा काय झाले, ते आज सांगायचे आहे. त्यात ग्रंथाची थोरवी थोडी आणि माझी फजिती जास्त आहे.

आमच्या देवघरात सासूबाईंची पोथी आहे. लाल कापडात बांधलेली. दसऱ्याला ती खाली यायची, हळदकुंकू व्हायचे, पुन्हा वर जायची. पूर्वी सासूबाई स्वतः वाचीत. त्यांची नजर अधू झाल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारच्या घरातून दुपारी येऊन त्यांना वाचून दाखवीत. पुढे ते बंद झाले. का बंद झाले, ते मी पुढे सांगणारच आहे. कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

२०२३ सालच्या आषाढी एकादशीला पाऊस धो धो लागला होता आणि वीज गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती पोथी सोड आणि वाच थोडी. नुसती पूजा करून तिला काय कळणार?" मी म्हटले, "मला ते जुने मराठी जमायचे नाही." तर म्हणाल्या, "तू वाच. जमते की नाही ते मी सांगते." असे आमचे वाचन सुरू झाले. जेवणे आटपली, भांडी घासून झाली की रोज एक समास.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दासबोधाचे २० दशक आहेत, प्रत्येकात १० समास, म्हणजे एकूण २०० समास आणि ७७५१ ओव्या. समर्थांनी तो सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, तो आपल्याच जिल्ह्यात, महाडकडच्या शिवथरघळीत, अशी परंपरा आहे. ग्रंथात एके ठिकाणी कलियुगाची ४७६० वर्षे झाली असा उल्लेख येतो, त्यावरून तो भाग इसवी सन १६५९ च्या सुमाराचा धरतात. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे मराठी. मला पहिले आठ दिवस शब्दांवर नुसती ठेच लागत होती. मग मुलाने अलिबागहून प्रा. के. वि. बेलसरे यांचा सार्थ दासबोध आणून दिला. त्यात ओवीचा अर्थ सोप्या भाषेत दिला आहे. एका मांडीवर पोथी आणि दुसऱ्या मांडीवर सार्थ, असे वाचायचे.

तरी चोरी करायचीच. कठीण शब्द आला की मी तो गिळायची, किंवा आपल्या मनचा एखादा सोपा शब्द घालून पुढे सरकायची. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही, पण ओव्या कानात पक्क्या बसलेल्या. त्या डोळे मिटून बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "एक अक्षर खाल्लेस." मी म्हणायची, "अर्थ तोच होतो." त्या नुसत्या हसायच्या. का हसत होत्या, ते मला दुसऱ्या दशकात कळले.

दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. माणूस कोणकोणत्या वागण्याने मूर्ख ठरतो त्याची ती यादी आहे. मला वाटले होते, मोठमोठ्या पापांची यादी असेल. पाहते तो सगळे आपल्या ओटीवरचे आणि माजघरातले! आपली स्तुती आपणच करणारा. कारण नसताना हसणारा. दोघे बोलत असले की तिसरा जाऊन मध्ये बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोके खाजवणारा. दुखणे असून औषध न घेणारा आणि पथ्य न पाळणारा. चार पैसे आल्यावर मागली ओळख विसरणारा. घरच्यांवर दातओठ खाणारा आणि बाहेर गरीब गाय होणारा. दुसऱ्यांचे भांडण चालले असता ते सोडवायचे सोडून मजा पाहत उभा राहणारा. आणि शेवटी शेवटी, वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा! तिथे मी थांबले. सासूबाई म्हणाल्या, "वाच ना पुढे." पुढे तर आणखी कठीण होते. स्वतः पोथी कधी वाचीत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, बांधून ठेवतो, तोही त्यातलाच एक. लाल कापड माझ्या मांडीवरच होते.

भगिनींनो, येथे मी शहाणी झाले असे म्हणाल, तर तसे झाले नाही. त्या दोन गोष्टी तेवढ्या मी हसून माझ्या नावावर घेतल्या. उरलेल्या सगळ्या दुसऱ्यांना वाटून टाकल्या. त्यात मला फार गोडी लागली. हे लक्षण अमकीचे, ते तमकीचे, हे तर हुबेहूब आमच्या नणंदेच्या घरच्यांचे. मुलीची एक जुनी वही घेतली. एका बाजूला लक्षण लिहायचे आणि समोर माणसाचे नाव. तुमच्यापैकीही काही जणींची नावे त्यात होती. आता नाहीत, घाबरू नका. सर्वांत जास्त वेळा नाव आले ते माझ्या थोरल्या जाऊबाईंचे.

आता ते कारण सांगते. जाऊबाईंना विचारूनच सांगते आहे. त्या तिकडे भिंतीपाशी बसल्या आहेत.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण कोणीच विसरणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले माड आणि पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. आमची आणि भावोजींची वाडी लागून आहे, विहीर एक, मध्ये नुसते मेंदीचे कुंपण आणि जायला-यायला एक बेडे. त्या दिवशी कुंपणही राहिले नाही. पुढे पंचनामे झाले, मदत आली. सातबाऱ्यावर भावोजींचे नाव पहिले, म्हणून पैसे त्यांच्या खात्यावर आले. महिना झाला, दोन महिने झाले, आमच्याकडे कोणी काही बोलेना. मी विचारायला हवे होते. ते मी केले नाही. मी विहिरीवर, चार बायका पाणी भरत असताना म्हणाले, "वाऱ्याने झाडे नेली, उरलेले घरच्यांनी नेले."

ते वाक्य दुपारपर्यंत जाऊबाईंच्या कानी गेले. संध्याकाळी त्यांनी बेडे लावून घेतले. त्यांचे दुपारचे येणे बंद झाले, पोथी कापडात गेली. सणावाराला ताटे मुलांच्या हातून येत-जात. अंतर पंधरा पावलांचे, पण तीन वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. माझ्या मनाला खात्री होती की चूक त्यांची. म्हणून वहीत नाव त्यांचे.

असे चालले असता त्याच दशकाचा दहावा समास आला. त्याचे नाव पढतमूर्खलक्षण. पढतमूर्ख म्हणजे जो शिकला, ज्याने वाचले, ज्याला बरेवाईट कळते, आणि तरीही मूर्खच राहिला तो. मी म्हटले, चला, हा समास शिकल्यासवरलेल्यांचा आहे, सातवीवालीला यात धोका नाही. आणि वाचू लागले. आपल्या जाणतेपणाच्या जोरावर सगळ्यांना नावे ठेवणारा. प्रत्येकात उणे तेवढे पाहणारा. बोलणे एक, करणे एक. ग्रंथ पुरा वाचण्याआधीच त्याला दोष देणारा. माझ्या हातातली पेन्सिल चालली होती, पण समोर नाव काही सुचेना.

सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "रोज ती पेन्सिल कसली कुरकुरते गं?"

मी खरे सांगितले. वाटले रागावतील. त्या म्हणाल्या, "माझे नाव किती वेळा आहे?"

मी म्हटले, "सात वेळा."

त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाल्या, "बरे. आणि तुझे नाव कोणत्या पानावर?"

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी समास अर्धाच राहिला.

रात्री सगळे निजल्यावर मी ती वही पुन्हा काढली. मुलीचे खोडरबर घेतले आणि सगळी नावे खोडली. मग पहिल्यापासून एकेक लक्षण वाचत गेले आणि ज्याच्यापुढे स्वतःचे नाव लिहिण्यावाचून गत्यंतर नाही तिथे 'मी' असे लिहिले. सगळी लक्षणे माझी निघाली नाहीत, तेवढी वाईट मी नाही. पण बरीच निघाली. एक लक्षण असे आहे की, कारण न पाहता, अपराध नसताना जो दुसऱ्याला शिक्षा करतो तो मूर्ख. या ओळीसमोर मी पूर्वी जाऊबाईंचे नाव घातले होते. त्यांनी बेडे लावले म्हणून. आता विचार आला, कारण कोणी पाहिले नाही? विहिरीवर निकाल कोणी दिला?

कळले म्हणजे लगेच वळते असे नाही. आषाढात कळले, मी गेले कार्तिकात. रोज बेड्यापर्यंत जायची, काहीतरी काम काढून परत यायची. शेवटी एका सकाळी गेले. जाऊबाई अंगणात सुपारी निवडत बसल्या होत्या. मी म्हटले, "ताई, मी विहिरीवर बोलले ते चुकले. तुम्हांला विचारल्याशिवाय बोलले."

त्या वर न बघताच म्हणाल्या, "तीन वर्षे लागली?"

मी म्हटले, "सातवी शिकलेय. हळू वाचते."

त्यांना हसू आले असेल, पण त्यांनी दाखवले नाही. सुपाऱ्या निवडता निवडता त्यांनी हिशेब सांगितला. पडलेली झाडे तोडून वाहून नेणारे मिळत नव्हते, मजुरी दुप्पट झाली होती. आमच्या वाडीतली झाडेसुद्धा त्याच माणसांनी काढली होती, आणि ते पैसे भावोजींनी परस्पर दिले होते. उरले ते विहिरीचा पंप दुरुस्त करण्यात गेले. त्याच पंपाचे पाणी मी तीन वर्षे भरत होते. हे सगळे ते आमच्या ह्यांना सांगणार होते, पण माझे वाक्य आधी पोचले. मग भावोजी म्हणाले, आता सांगितले तर सफाई दिल्यासारखे होईल. राहू दे.

भगिनींनो, गळ्यात गळा घालून रडणे वगैरे काही झाले नाही. जाऊबाईंनी मला एक सूप पुढे केले आणि मीही सुपारी निवडायला बसले. आठ दिवसांनी दुपारी बेड्याचा आवाज आला. त्यांनी येऊन विचारले, "कितव्या दशकावर आहात?" तेव्हापासून एक समास त्या वाचतात, एक मी. २०० समास व्हायला आम्हांला सव्वा वर्षाच्या वर लागले. मधली तीन वर्षे मात्र परत आली नाहीत. त्या तीन वर्षांत पुतणीचे लग्न झाले, त्यात मी पाहुण्यासारखी जाऊन पाहुण्यासारखी आले. ती हळद मला लावायला मिळाली नाही, ती नाहीच.

आता बाकीचे थोडक्यात. त्या वहीतली दोन लक्षणे मी अजून सोडवते आहे.

पहिले ते, घरी दातओठ खाण्याचे आणि बाहेर नम्र होण्याचे. बँकेच्या खिडकीपाशी मी किती गोड बोलते! आणि घरात मुलीने एकदा हाक मारली की, "काय कटकट आहे!" एक दिवस मुलगीच म्हणाली, "आई, तू फोनवर लोकांशी बोलतेस ना, तसे माझ्याशी बोल की कधीतरी." समर्थांनी जे ओवीत सांगितले तेच पोरीने सांगितले. दहा वेळांपैकी चार वेळा आता जमते. उरलेल्या सहा वेळा ती नुसते "फोन" म्हणते, आणि मी गप्प होते.

दुसरे ते, भांडण पाहत उभे राहण्याचे. हे आपल्या मंडळातले आहे, म्हणून येथेच बोलून टाकते. मागे पापडाच्या मागणीच्या हिशेबात पैसे कमी आले म्हणून आपल्यातल्या एका भगिनीवर बोल आला. ती रडत घरी गेली. उडदाचे पीठ दोन किलो जास्त आणले होते आणि त्याची पावती डब्यात होती, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पावती सापडली आणि मिटले, असे तुम्ही म्हणाल. पण ज्या वेळी बोलायचे होते त्या वेळी मी चहाच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकत होते. खरे ठाऊक असून खोटे चालू दिले. त्या भगिनीची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. पण बोल चारचौघींत आला होता, म्हणून आज चारचौघींतच सांगते.

ग्रंथातले सगळेच मला पटले, असेही नाही. बायकोला मनातले सांगणारा, बायकोच्या तंत्राने चालणारा मूर्ख, असे त्यात आहे. ते वाचून जाऊबाई म्हणाल्या, "मग मनातले सांगायचे कोणाला, माडाला?" आम्ही दोघींनी त्यावर पुष्कळ वाद घातला. तो काळ वेगळा, ऐकणारे बहुधा पुरुष, हे समजते. तरी ते गळी उतरत नाही, आणि उतरल्याचे सोंग मी करणार नाही. परंतु तेवढ्यासाठी पोथी मिटली असती, तर पुढचा तिसरा दशक राहिला असता. त्यात माणसाचा जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा संसार आहे. लग्न, पोरेबाळे, पैशासाठी परमुलुख, आणि शेवटी घरच्यांनाच नकोसे झालेले म्हातारपण. तो समास ऐकताना सासूबाईंनी माझा हात धरला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नावापुढे मी सात लक्षणे कशी लिहिली, याची लाज मला तेव्हा वाटली. आणि एकोणिसाव्या दशकात तर अक्षर कसे काढावे, ओळी कशा सरळ ठेवाव्या, हेसुद्धा समर्थांनी सांगितले आहे. माणसाला शहाणा करायचा तर त्याच्या अक्षरापासून, बोलण्याचालण्यापासून सुरुवात करावी लागते, असे मला त्यावरून वाटले.

माझ्यासारख्या कमी शिकलेल्या भगिनींना एवढेच सांगते. कठीण पुस्तकाला भिऊ नका. रोज थोडे वाचा. शब्द अडला तर विचारा, त्यात लाज नाही. अक्षर गाळून पुढे जाण्यात आहे. शक्य तर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे चोरी करता येत नाही. आणि माणसाच्या स्वभावाविषयी काही वाचाल तेव्हा हातात पेन्सिल घेऊ नका. घेतलीत, तर पहिले नाव आपले लिहा. दुसऱ्याचे नाव लिहून झाले की पुस्तक संपते. मग आपण ते वाचतच नाही. नुसते त्या माणसाकडे बघत बसतो.

शेवटी अध्यक्षीणबाईंना एक विनंती. आपल्या मंडळात पुस्तकांचे कपाट आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली हरवू नये म्हणून ती इतकी जपून ठेवली आहे की ती कोठे आहे हे दोघी-तिघींनाच ठाऊक आहे. पोथी बांधून ठेवणाऱ्याला समर्थ काय म्हणतात ते मी मघाशी सांगितले. पुन्हा सांगत नाही. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार ते कपाट उघडावे. मी आणि जाऊबाई येऊन बसू. पुस्तके देण्याघेण्याची वही आम्ही ठेवू. त्या वहीत नावे असतील, पण फक्त पुस्तक नेणारणीची.

पाच मिनिटे म्हणता म्हणता पुष्कळ बोलले. चहा आता कोणी केला आहे ठाऊक नाही. साखर कमी असेल तर नावे ठेवू नका.